पंधरा मीटरच्या आत

नोटीस आनंदाने घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. टेपबाईंनी नोकरीच्या इतक्या वर्षांत नोटीस चुकवायच्या सगळ्या तऱ्हा पाहिल्या होत्या. कुणी नेमकं तेव्हाच आजारी पडे, कुणाचा चष्मा हरवे. कुणी दारात उभं राहून "साहेब गावाला गेलेत" असं सांगे आणि आतून साहेबच विचारत, "कोण आलंय गं?" एका बहाद्दराने तर बाईंना पाहून गडबडीत स्वतःच्याच घराला बाहेरून कुलूप घातलं आणि मग त्यांच्या शेजारी उभं राहून "मालक येतीलच एवढ्यात" म्हणत स्वतःचीच वाट पाहिली.

अशा लोकांसाठी कायद्याने सोय ठेवली आहे. कुणी नोटीस हातात घेत नसेल, तर ती जागेवरच, सहज दिसेल अशा ठिकाणी, दोन माणसांसमोर डकवायची. डकवली की बजावली. मग कुणी वाचो, न वाचो.

टेपबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या बांधकाम निरीक्षक होत्या आणि त्यांच्या पिशवीत बारा महिने तेरा काळ एक लांबलचक पोलादी टेप असे, चामड्याच्या गोल डबीतली. बिल्डरचा नकाशा काय म्हणतो, मालक काय म्हणतो, साहेब काय म्हणतात, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. टेप काय म्हणते ते खरं. टेपचं दुसरं टोक धरायला त्या जो समोर सापडेल त्याला उभा करत आणि लांबून हाक मारत, "धरलंय?" पलीकडून "धरलंय" आलं की मगच आकडा वाचत. ऑफिसात हे नाव आधी पाठीमागे पडलं, मग तोंडावर. बाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. साहेबांना लोक पाठीमागे जे म्हणत, त्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं.

तर भांडण होतं ओढ्याकाठच्या वसाहतीचं. चार इमारती, समोर रस्ता, मागे ओढा. जाहिरातीच्या फलकावर निळंशार पाणी आणि त्यात दोन हंस. हंस त्या ओढ्याने जन्मात पाहिले नव्हते. खरी गोष्ट अशी की त्या जागी ओढ्याला एक मोठं वळण होतं, भरल्या पोटासारखं रस्त्याच्या बाजूला आलेलं. बिल्डरने भराव टाकून ते वळण बुजवलं, ओढा पट्टीने आखावा तसा सरळ केला आणि वळणाच्या जुन्या काठावर चौथी इमारत ठोकून दिली. नियमाप्रमाणे काठापासून पंधरा मीटर जागा मोकळी सोडायची. बिल्डर म्हणे, ओढा आज जिथे आहे तिथून मोजा. बाई म्हणत, ओढा जिथे होता तिथून मोजणार. यावर दोन वर्षं सुनावणी, स्थगिती, फेरसुनावणी झाली. बाईंच्या तीन वह्या भरल्या आणि एक चप्पल झिजली. शेवटी एकदाची स्थगिती उठली आणि अंतिम नोटीस घेऊन बाई वसाहतीच्या फाटकाशी गेल्या.

मॅनेजरने नोटीस घेतली नाही. बाईंनी ती फाटकावर डकवली. स्कूटरपर्यंत पोचेतो ती फाडलेली होती. दुसरी त्यांनी ऑफिसच्या दारावर डकवली. तेव्हा बिल्डर स्वतः बाहेर आला, त्याने ती अगदी अदबीने सोलून काढली आणि चुरगळून खिशात घातली. तिसरीचंही तेच झालं.

"मॅडम, ही भिंत आमची, हे दार आमचं, फाटक आमचं," बिल्डर म्हणाला. "आमच्या वस्तूंवर तुम्ही काही चिकटवू नका."

छापील प्रती संपल्या होत्या. बाईंचं डोकं मात्र आता तापलं होतं. त्यांनी स्कूटरच्या सीटवर कोरा कागद ठेवला, खाली कार्बन घातला आणि हाताने नोटीस लिहायला घेतली. ओढ्याच्या मूळ काठापासून पंधरा मीटरच्या आतलं सगळं बांधकाम, आतली माणसं व सामान सुखरूप बाहेर काढून, एका महिन्यात हटवावं आणि जागा पूर्ववत करावी. खाली सही ठोकली. मग वसाहतीचा वॉचमन आणि नळ दुरुस्त करायला आलेला एक प्लंबर, अशा दोघांना साक्षीला घेऊन त्या तरातरा काठ उतरल्या. चपला हातात घेऊन पाण्यात शिरल्या आणि ओढ्याच्या मधोमध जो काळा दगड होता, त्यावर त्यांनी ती नोटीस खळ लावून डकवली.

"हा दगड तरी तुमचा नाही ना?" त्यांनी वर बघून विचारलं.

बिल्डर पोट धरून हसला. "मॅडम, तुम्ही ओढ्याला नोटीस बजावलीत!"

"कुणाला तरी बजावायलाच हवी होती," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मुद्दाम बघायला गेल्या. दगडावर कागद नव्हता. फाटका कोपरा नव्हता, खळीचा डाग नव्हता. दगड नुकताच घासूनपुसून ठेवल्यासारखा स्वच्छ होता. वॉचमन पोराबाळांची शपथ घेऊन सांगत होता की खाली कुणी उतरलेलं नाही. "मी इथेच होतो बाई, डोळ्याला डोळा लागला नाही," तो म्हणाला. तो झोपत नसे हे कुणालाच खरं वाटलं नसतं, पण त्या दिवशी त्याचे डोळे खरंच लाल होते.

ऑफिसात साहेब नोटिशीची कार्बनप्रत हातात धरून बसले होते. साहेब वाईट माणूस नव्हते. वारा येईल तशी पाठ द्यायची, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

"बाई, यात चतुःसीमा कुठे आहे?"

चतुःसीमा म्हणजे पूर्वेला काय, पश्चिमेला काय, जागा कुठे सुरू होते आणि कुठे संपते. छापील नोटिशीत ती असतेच. हाताने लिहिताना रागाच्या भरात बाई ती लिहायच्या विसरल्या होत्या.

"वसाहतीचं नाव नाही, हद्द नाही. ओढ्याच्या मूळ काठापासून पंधरा मीटर, बस्स. अहो, अख्ख्या गावाला लागू होते ही! उद्या माझ्या घराला लावाल."

"तुमचं घर ओढ्याकाठी आहे का?"

"नाही."

"मग घाबरताय कशाला?"

चूक झाली होती, हे बाईंना कळत होतं. पण कबूल केली असती तर पुन्हा पहिल्यापासून सुनावणी, पुन्हा स्थगिती, पुन्हा तो माणूस दात काढून हसणार. त्यापेक्षा अडून बसलेलं बरं. अडून बसणं ही त्यांची जुनी विद्या होती.

साहेबांनी कागद परत दिला आणि बोटं रुमालाला पुसली. "ओला कसा काय हा?"

बाईंनी पाहिलं. कागद चांगला कुरकुरीत होता. फक्त खाली, जिथे नोटीस घेणाऱ्याने सही करायची, तेवढी जागा ओली होती. त्यांनी तो पंख्याखाली ठेवला, मग खिडकीत उन्हात ठेवला. संध्याकाळी फायलीत लावायला गेल्या तेव्हाही ती जागा तितकीच ओली होती. कुणी बघत नाहीसं पाहून त्यांनी वास घेतला. शेवाळाचा वास होता.

त्या संध्याकाळी धाकटी बहीण भांडायला आली.

बाईंचं घर म्हणजे दोघींचं माहेर, एका वाकड्या गल्लीतल्या दोन खोल्या. गल्ली सुरुवातीला चांगली सरळ जाते, मग मध्येच कमरेत लचकल्यासारखी वळते आणि पुन्हा सरळ होते. वळणावर झाड नाही, विहीर नाही, काही नाही. ती का वळते हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि नवा स्कूटरवाला तिथे एकदा तरी आपटतच असे. घराच्या स्वयंपाकघराची मागची भिंत कायम ओली. आईबाबांनी, मग बाईंनी, डॉक्टर बदलावेत तसे गवंडी बदलले. ओल काही हटली नाही.

"ताई, चौथ्या इमारतीत माझं घर आहे हे तुला माहीत आहे ना?" धाकटीने उंबऱ्यातूनच सुरुवात केली.

"तू घ्यायच्या आधी मी सांगितलं होतं. तिथे ओढा होता म्हणून."

"होता! आता कुठाय? अगं, लहानपणापासून त्या ओल्या भिंतीला पाठ लावून जेवले मी. मला एक कोरडं घर हवं होतं. एक बाल्कनी हवी होती. काय जगावेगळं मागितलं?" धाकटीचा आवाज चिरकला. "दुसऱ्याच्या घरावर नांगर फिरवायला काय जातं तुझं? तुझं घर असतं तर?"

"माझं असतं तरी नोटीस काढली असती."

"बोलायला सोपं आहे."

धाकटी चहाही न घेता गेली. बाईंनी तिचा कप झाकून ठेवला. बहिणीचं वाईट वाटत होतं, मनापासून वाटत होतं. पण पाण्याच्या जागेत बांधलेलं घर बहिणीने घेतलं म्हणून ती जागा काही कोरडी होत नव्हती.

आठवडा गेला असेल. सकाळी वॉचमनचा फोन आला. "बाई, भिंत नाही."

"कुठली भिंत नाही?"

"या आणि बघा. मला सांगता येत नाही."

ओढ्याच्या बाजूची कुंपणाची भिंत खरंच नव्हती. पडली म्हणावी तर ढिगारा नव्हता, धूळ नव्हती. तिच्या विटा रस्त्याच्या बाजूला, फाटकाबाहेर, नीट थर लावून रचलेल्या होत्या. एकेका विटेवरचं सिमेंट खरवडून काढलेलं, विटा धुतलेल्या, अजून ओल्या. एकही फुटलेली नव्हती.

"आमच्या गवंड्यांना भिंत अशी रचता येत नाही," वॉचमन हळू आवाजात म्हणाला.

बिल्डर तावातावाने आला. "किती माणसं आणली होती, मॅडम?"

"माणसं? माझ्या खुर्चीचा पाय मोडलाय, तो बसवायला मला माणूस मिळत नाही."

पोलीस आले, विटांभोवती एक फेरी मारून गेले. बाईंनी टेप काढली. वॉचमनने एक टोक मूळ काठाच्या खुणेवर धरलं. "धरलंय?" "धरलंय!" जिथे बाजूची भिंत अजून उभी होती, तिथे तिची कड सुरीने कापल्यासारखी सरळ होती आणि टेप बरोबर पंधरावर होती. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. खरं सांगायचं तर बाईंना आनंद झाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचा शब्द वाचून तो तसाच्या तसा पाळला होता.

बिल्डरने भिंत पुन्हा बांधली. सकाळी विटा पुन्हा फाटकाबाहेर. तिसऱ्यांदा बांधायला गवंडीच मिळेनात.

मग भराव गेला.

बाई पोचल्या तेव्हा वॉचमन फाटकाशीच थांबला होता आणि खाली यायला तयार नव्हता. चौथ्या इमारतीच्या मागे जिथे काल मुरूम दाबून केलेली सपाट जागा होती, तिथे आता काठ होता, जुना, गोलाकार. ओढा वळण घेऊन इमारतीच्या अगदी पायाशी आला होता. काठावरचं गवत गुडघाभर होतं. दगडांवर जाड, हिरवं शेवाळ होतं, कित्येक वर्षांत धरतं तसं. बाईंनी त्यावर बोट दाबलं. बोट पेरभर आत गेलं.

रात्रीत माती उपसता येते. हे शेवाळ एका रात्रीत कुणी आणलं असेल?

टेप धरायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी तिचं टोक काठावरच्या एका दगडाखाली अडकवलं आणि डबी हातात घेऊन इमारतीच्या कडेने वर चढत गेल्या. वॉचमन तिथे उभा होता. सवयीने त्यांनी हाक मारली, "धरलंय?"

टेप ताठ झाली.

वॉचमनने आपले दोन्ही हात खिशातून बाहेर काढून त्यांना दाखवले. बाईंनी आकडा वाचला. पंधराची खूण चौथ्या इमारतीच्या पोटातून जात होती. एका बाजूला बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर राहत होतं, दुसऱ्या बाजूला बेडरूम आणि बाल्कनी. मग त्या टेप गुंडाळायला लागल्या. क्षणभर ती आली नाही. मग कुणी सोडावी तशी सुटली.

त्या दिवशी बाईंना पहिल्यांदा भीती वाटली. त्या थेट धाकटीकडे निघाल्या, तर धाकटीच सामानाचा ट्रक घेऊन फाटकातून आत शिरत होती.

"भोगवट्याचा दाखला मिळाला नाही अजून! राहता येणार नाही तुला," बाई ओरडल्या.

"राहतेय ती मी. आता पाड, बघू." धाकटी ट्रकमधून उतरली, हातात कुंडी होती. हट्टात ती मोठीपेक्षा तसूभरही कमी नव्हती. एकाच आईच्या मुली.

"अगं, मी नाही पाडत. काय होतंय ते मलाही…"

"तूच करतेस सगळं. लहानपणी माझ्या वाटणीची चिक्कीसुद्धा पट्टीने मापून द्यायचीस."

दुसऱ्या सकाळी धाकटीच्या बेडरूममधल्या वस्तू दाराबाहेर जिन्यात रचून ठेवलेल्या होत्या. पुस्तकं लहानमोठी लावून, चपलांचे जोड जुळवून, बाल्कनीतली कुंडी पाणी घालून. धाकटीने फोनवर बाईंना शिव्या घातल्या, चावी कुठून मिळवलीस म्हणून विचारलं, आणि कुलूप बदललं. त्याच्या पुढच्या सकाळी तिचा फोन पुन्हा आला. या वेळी ती शिव्या देत नव्हती.

"ताई, रात्री आम्ही बेडरूममध्ये झोपलो होतो. सकाळी जाग आली तर बाहेरच्या खोलीत. गादीसकट. आणि चादर खोचलेली होती गं. आई खोचायची तशी, पायाकडून."

"चल, निघ तिथून. आत्ताच्या आत्ता."

पलीकडे कुंडी सरकवल्याचा आवाज आला.

"नाही," धाकटी म्हणाली. "घर माझं आहे."

तिचा नवरा त्याच दिवशी आपल्या आईकडे राहायला गेला. तिथून ऑफिस जवळ पडतं, म्हणाला.

नोटिशीचा महिना संपला त्या दिवशी दुपारी साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. बिल्डर आधीच बसला होता. त्याची दाढी वाढली होती. टेबलावर टाइप केलेला कागद होता: नोटीस मागे घेण्यात येत आहे. खाली सहीची जागा.

"मॅडम, हात जोडतो," बिल्डर म्हणाला. "संपवा हे."

"बाई, बहिणीचा तरी विचार करा," साहेब म्हणाले.

तेवढं नको होतं बोलायला. बाईंनी पेन उचललं, खरंच उचललं. धाकटी डोळ्यांपुढे आली, हातात कुंडी घेतलेली. मग त्यांनी बिल्डरकडे पाहिलं.

"दोन वर्षं तुम्ही मला वेडी म्हणत होता. ओढा तिथे नव्हताच, म्हणत होता. आज भीती वाटते म्हणून माझी नोटीस चूक ठरते?" त्यांचा आवाज कापत होता, पण रागाने. "भीती मलाही वाटते. झोप उडालीय माझी. पण ओढा तिथे होता. मी खोटं लिहिणार नाही."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "बहीण माझी आहे. तिला मी काढीन बाहेर."

धाकटी बेडरूममध्ये पलंगावर मांडी घालून बसली होती. हातात कपबशी. समोर बाल्कनीचं दार, त्यापलीकडे आकाश.

"मागे घेतलीस?"

"नाही."

"मग मीही उठणार नाही."

बाईंनी दंडाला धरून ओढलं. विनवलं. एकदा तर ओरडल्या. धाकटी हलली नाही. शेवटी बाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पलंगावर तिच्या शेजारी बसल्या.

"मग मीपण बसते."

"बस की."

दोघी बसून राहिल्या. काही वेळाने धाकटीने बशीत अर्धा चहा ओतून बाईंपुढे केला. बाईंनी तो घेतला. पाण्याचा आवाज येत होता. बाल्कनीतून नव्हे, पलंगाखालून.

"ताई, तुला आठवतं," धाकटी म्हणाली, "आपण भिंतीच्या ओलीत बोटाने चित्रं काढायचो, आणि आई…"

"…चिडायचीच नाही," असं तिने वाक्य पुरं केलं, तेव्हा दोघींच्या अंगावर ऊन होतं.

त्या फाटकाबाहेर होत्या. त्याच पलंगावर, तशाच बसलेल्या. बाईंच्या हातातली बशी भरलेली होती. चहा सांडला नव्हता. चादर पायाकडून खोचलेली होती.

कुठेही धूळ नव्हती. कसलाही आवाज झाला नव्हता.

चौथ्या इमारतीला मागची बाजू नव्हती. पावाची लादी कापावी तशी ती कापलेली होती, आणि प्रत्येक मजल्यावरचं अर्धं घर उघडं पडून ओढ्याकडे बघत होतं. रस्त्याच्या कडेला विटा रचलेल्या होत्या. फरशा रचलेल्या होत्या. खिडक्या काचांसकट, बाल्कनीचे कठडे, नळ, विजेच्या तारांची वेटोळी. सगळं धुतलेलं.

ओढा आपल्या वळणाने चालला होता, कधी कुठे गेलाच नव्हता असा.

वॉचमन शिट्टी तोंडात धरून उभा होता. वाजवायचं विसरून.

धाकटी लगेच रडली नाही. उघड्या घराकडे मान वर करून बघत राहिली. "स्वयंपाकघर ठेवलंय," ती म्हणाली. "नीट मोजलंय." आणि मग बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली.

बाईंनी तिला रडू दिलं. मग तिचा हात धरला. "चल, घरी. तिथून आपल्याला कुणी उठवणार नाही."

सकाळी बाईंना जाग आली ती थंडीने. त्या आणि धाकटी घराबाहेर गल्लीत होत्या, गादीवर, वळणापासून लांब, गल्लीच्या तोंडाशी. चादर खोचलेली.

घराच्या दारापासून दूर, त्यांच्या उशाशी, भांडी रचून ठेवलेली होती. मोठ्यावर मध्यम, मध्यमावर लहान. आईचे डबे. बाबांचं घड्याळ. घासलेलं, धुतलेलं, ओलं. बाईंच्या चपला जोडीने, त्यांच्याजवळ पिशवी.

बाई अनवाणीच घरात गेल्या. खोल्या रिकाम्या होत्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवर तळहात ठेवला.

त्यांच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा ती भिंत कोरडी होती.

त्या बाहेर आल्या. गल्लीच्या वळणाकडे पाहिलं. झाड नाही, विहीर नाही, काही नाही. फक्त वळण, ओढ्याच्या त्या वळणासारखंच, भरल्या पोटासारखं.

"ताई," धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "आता मागे घे ना. अजून वेळ असेल."

बाईंचे डोळे भरून आले. इथेच त्या जन्मल्या होत्या. इथेच आई गेली होती.

"माझं असतं तरी काढली असती, म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून टेप काढली. तिचं टोक वळणाच्या आतल्या कडेला जमिनीवर ठेवलं. तिथे अडकवायला दगडसुद्धा नव्हता. मग डबी हातात घेऊन, पाठ ताठ ठेवून, त्या एकेक पाऊल आपल्या दारापर्यंत गेल्या.

गल्ली रिकामी होती. धाकटी त्यांच्या मागे उंबऱ्याशी येऊन उभी होती.

"धरलंय?"

टेप ताठ झाली.

बाईंनी वाकून आकडा पाहिला. पुन्हा पाहिला. मग साक्षीदाराला सांगावा तसा मोठ्याने वाचला. "चार मीटर."

गल्लीत कुठे खुट्ट झालं नाही.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सोड."

टेप सुटली आणि कोरड्या जमिनीवरून सरसरत त्यांच्या हातात आली. तिचं टोक ओलं होतं.